वेशीवरचं डुक्कर

नऊ फेब्रुवारी. महाशिवरात्र तोंडावर आली होती आणि आमची रताळी अजून जमिनीत होती. उपासाचं पीक आहे हे. शिवरात्रीच्या आधीच्या बाजारापर्यंत त्याला गिऱ्हाईक, शिवरात्र उलटली की गुरांपुढे टाका. म्हणून त्या दिवशी उजाडताच वेल कापायला घ्यायचे आणि दुपारपर्यंत निदान अर्धा वाफा खणून, हौदात धुऊन, पोत्यात भरायचा असं ठरवलं होतं. विळे घासून ठेवले होते. चहाचं पातेलं, साखर, पत्ती आदल्या दिवशीच मळ्यातल्या खोलीत नेऊन ठेवली होती. खणायला बायकांची टोळी येणार होती.

जागेचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा मळा मालेगावहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. रस्त्याला लागून माझ्या धाकट्या दिराचं शेत आणि त्याच्या मागे आमचं. आमच्या फाटकाशी यायचं तर दिराच्या धुऱ्यावरून, म्हणजे त्याच्या बांधावरून, चालत यावं लागतं. वाटणी झाली तेव्हापासून हे असंच आहे आणि त्यावरून आमच्यात कधी भांडण झालं नव्हतं.

टोळी ज्या बाईची होती तिला मी टोळीवालीच म्हणते, सगळेच म्हणतात. चाळिशीची, उंच, आवाज असा की अर्ध्या शिवाराला कळावं आज कुठे काम चाललंय. नवरा दरवर्षी ऊसतोडीला जातो. ती पूर्वी जायची, मग एक वर्षी नाही म्हणाली आणि गावातल्या बायका गोळा करून निंदण, वेचणी, खणणी अशी कामं घ्यायला लागली. बाकीच्या बायकांच्या आधी ती येते, चूल पेटवते, चहा टाकते, आणि बायका आल्या की उशिराबद्दल एकेकीचा उद्धार करते.

आता आमच्या फाटकावरच्या पत्र्याच्या डुकराबद्दल.

माझी लेक जर्मनीत नर्स आहे. म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात काम करते, एका लहानशा गावात, ज्याच्या चहूबाजूंनी जंगल आहे. डिसेंबरात ती महिनाभर आली होती. येताना चॉकलेटं, एक चांगली सुरी आणि एक पत्र्याची ढाल घेऊन आली. परातीएवढी ढाल. लाल रंगावर काळं रानडुक्कर, मागच्या पायांवर उभं, पांढरे सुळे बाहेर, जीभ लालच पण जरा गडद, आणि तोंडात काहीतरी पिवळं आडवं धरलेलं.

"हे कशाला आणलं?" मी विचारलं.

"आमच्या गावाचं निशाण आहे आई. तिकडे प्रत्येक गावाला असतं. वेशीवर, नगरपालिकेच्या दारावर, कचऱ्याच्या गाडीवर, गटाराच्या झाकणावरसुद्धा."

"गटाराच्या झाकणावर डुक्कर बरोबर आहे," मी म्हटलं. "वेशीवर कशाला?"

आम्ही दोघी ओसरीवर तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसलो होतो. त्या दिवशी दुपारभर तिनं मला त्या डुकराची हकिकत सांगितली. दोन हकिकती होत्या.

पहिली नगरपालिकेच्या माहितीपत्रकातली. डुक्कर म्हणजे जंगलाची समृद्धी, तोंडातलं पिवळं म्हणजे गव्हाची ओंबी, म्हणजे शेताची समृद्धी. दोन्हींचा मेळ म्हणजे ते गाव. शाळेतल्या पोरांकडून हेच पाठ करून घेतात.

दुसरी तिच्या घरमालकिणीची. ऐंशीच्या घरातली बाई, तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. ती म्हणाली, ओंबी नंतरच्या रंगाऱ्यांनी केली. आधी तोंडात हाड होतं.

फार जुनी गोष्ट. मोठं युद्ध चाललं होतं आणि एका हिवाळ्यात कुणाचं तरी सैन्य त्या गावावरून गेलं. आपलं होतं की परकं, हे घरमालकिणीलाही सांगता आलं नाही. धान्य नेलं, घरं पेटवली, समोर येईल त्याला कापलं. पळता येत होतं ते जंगलात पळाले. उरलेले रस्त्यात, अंगणात, देवळाच्या पायरीवर पडून राहिले. पुरायला कोणी नव्हतं. बर्फ पडत होता. जंगलात खायला नाही म्हणून रानडुकरं गावात शिरली आणि त्यांना गावात खायला मिळालं.

बर्फ वितळल्यावर माणसं परत आली तेव्हा घराघरात डुकरं होती. पिलं घालून बसलेली, माजलेली, माणसाला न भिणारी. लोकांनी वेस बंद केली आणि एकेक गल्ली करत डुकरं मारली. गवत उचलायची दातेरी फावडी, कोयते, दाराचे अडसर, हाताला लागेल ते. एक बाई स्वतःच्याच स्वयंपाकघरात डुकरिणीच्या सुळ्यानं पोटापासून छातीपर्यंत फाटली. एका माणसानं पाळण्यातली पिलं पाळण्यासकट विहिरीत टाकली. संध्याकाळपर्यंत गाव पुन्हा माणसांचं झालं, पण गावात धान्याचा दाणा नव्हता. मग त्यांनी ती डुकरं भाजली आणि खाल्ली. डुकरांनी हिवाळाभर काय खाल्लं होतं ते प्रत्येकाला माहीत होतं.

पुढे कधीतरी तिथल्या राजानं विचारलं, तुमच्या गावाच्या शिक्क्यावर काय कोरायचं? लोकांनी सांगितलं, डुक्कर कोरा, तोंडात हाड द्या. घरमालकीण म्हणाली, त्याचा अर्थ सोपा आहे. आमची माणसं त्यांच्यात गेली आणि ते आमच्यात आले. आता वेगळं कोण करणार?

लेक माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ होतं का त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"आई!"

"नाही, बिनमिठाचं म्हणजे कठीणच."

पण मला म्हातारीचं पटलं. गव्हाच्या ओंबीसाठी कोणतं गाव वेशीवर डुक्कर लावेल? आमच्याकडेही रानडुकरं आहेत, पिकाचं काय करतात ते मी बघते. त्यांना समृद्धी म्हणायला माहितीपत्रकच लिहावं लागेल.

लेक परत गेली. ढाल भिंतीवर लावायला मला जागा नव्हती आणि हौसही नव्हती. मळ्याच्या फाटकाचा पत्रा खाली गंजून भोक पडलं होतं, त्यातून कुत्री यायची. ढाल त्या भोकावर बरोबर बसली. चार खिळे ठोकले, काम झालं.

टोळीवालीनं दुसऱ्याच दिवशी ती पाहिली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काकू, हे परदेशातलं डुक्कर वाटते! आपल्या डुकरापरीस लय माजलं हाय वं. आन्‌ उभं काहून हाय, बसभाडं मांगून राह्यलं का?"

"लेकीच्या तिकडल्या गावाचं निशाण हाय ते. तोंडात गव्हाची ओंबी धरली हाय."

"ओंबी कायची! रताळं हाय ते. तुमच्याच वावरातलं."

तिच्या मागच्या एकीनं तुरीची शेंग म्हटली, दुसरीनं ऊस. कुणीच हाड म्हटलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण कामाला उशीर होत होता. पुढे कोणीतरी त्या डुकराच्या कपाळाला हळदकुंकू लावून गेलं. शेजारच्या वावरातला एक म्हातारा वराह अवतार म्हणून येताजाता हात जोडायला लागला. दिराला मात्र ते मुळीच आवडलं नाही.

"वहिनी, ज्यानं पीक खाल्लं त्याचाच फोटू दाराले लावता? त्याले वाटन, आपलंच घर हाय, या बसा!"

"भोक बुजलं भाऊजी. त्याच्यापुढं मले काई दिसत नाई."

जानेवारीत डुकरं आली. आमच्या मळ्याला चारी बाजूंनी दाट काट्यांचं कुंपण आहे, रताळ्याला ते लागतंच. दिराच्या हरभऱ्याला काही नव्हतं. एका रात्रीत कळपानं अर्धं वावर लोळून काढलं. खाल्लं त्याहून तुडवलं जास्त. सकाळी मी गेले तेव्हा दीर धुऱ्यावर बसला होता आणि त्याच्यासमोर त्याचा कुत्रा पडला होता. पिवळा, थोराड, दहा माणसांना पुरून उरेल असा कुत्रा. सुळ्यानं त्याचं पोट उभं फाडलं होतं, आतडी हरभऱ्यात पसरली होती, आणि जीव अजून गेला नव्हता. दीर त्याला हात लावायला जायचा आणि तो दिरालाच चावायला यायचा. शेवटी दिरानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे बोथट बाजूनं, त्याच्या डोक्यात घाव घातला. एका घावात झालं नाही.

मग तो तीच कुऱ्हाड घेऊन माझ्या फाटकाशी गेला आणि त्या ढालीवर मारत सुटला. डुकराचं पोट आत गेलं, लाल रंगाचे पापुद्रे उडाले. मी थांबवलं नाही. पत्र्याला मारून माणसाचा राग उतरत असेल तर स्वस्तच आहे.

पण राग उतरला नाही. दोन दिवसांनी त्यानं धुऱ्याच्या कडेनं खुंट्या ठोकल्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर उघडी तार ओढली. तिचं टोक विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपर्यंत नेलं आणि तिथे अडकवायला त्याला हूक लावला. मी बघितलं आणि मला कळलं.

"भाऊजी, तारेत लाइन सोडून राह्यले काय तुमी?"

"हाव."

"सोलरवालं झटका मशीन आना न. मानूस तरी मरत नाई त्यानं."

"त्यानं डुकराले गुदगुल्या होतेत निस्त्या."

"ह्या वाटेनं माह्या बाया येतेत."

"रात्री कोन येते वं तुमच्या वावरात? रातपाळीची लाइन हाय सध्या. झोपाले जाताना हूक टाकतो, सकाळी लाइनच जाते. मंग करंट येईन कुठून, आभायातून?"

हे शेतीच्या विजेचं बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे शेतीची लाइन काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. त्या दिवसांत आमची पाळी रात्रीची होती. पहाटेच्या आत लाइन जायची, म्हणजे दिराचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की लाइन असो-नसो, उजाडायच्या आत विहिरीवर जाऊन तो स्वतःच्या हातानं हूक काढेल. बरेच दिवस त्यानं काढलाही. तार मात्र तशीच ताणलेली राहायची.

आणि त्यातून एक सवय झाली. आमच्या फाटकाच्या तोंडाशी ती तार वाटेला आडवी येत होती, तेवढ्यापुरती कमरेएवढी उंच आणि जरा सैल. सकाळी येणाऱ्या बायका ती हातानं वर उचलायच्या आणि खालून वाकून निघायच्या. तार रोज थंड असायची. टोळीवाली तर मागच्यांसाठी ती धरून उभी राहायची आणि म्हणायची, "या महाराणी, या. तोरन बांधलं तुमच्यासाठी."

नऊ तारखेला मी घरून निघाले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आमचे हे मागून पिकअप घेऊन येणार होते, पोती न्यायला. मी धुऱ्यावर वळले आणि आधी वास आला. केस जळल्याचा. पुढे बघते तर फाटकाच्या थोडं अलीकडे मोठं रानडुक्कर आडवं पडलेलं, तार त्याच्या मानेखाली दबलेली, पाठीवरचे राठ केस अजून धुमसत होते. माझ्या मनात पहिलं हेच आलं की चला, एक कमी झालं. मग त्याच्या पलीकडे मला हिरवं लुगडं दिसलं.

टोळीवाली एका कुशीवर पडली होती. उजवा हात तारेला चिकटलेला. सगळं अंग उडत होतं, भट्टीवर लाही उडते तसं, आणि तोंडातून आवाज येत होता तो माणसाचा नव्हता. हाताच्या मुठीतून धूर निघत होता.

मी हाक मारली नाही, तिला हातही लावला नाही. फाटकाला अडसर म्हणून लावलेला सुका बांबू ओढून काढला आणि तारेवर हाणला. पहिल्यांदा तार सुटली नाही. दुसऱ्यांदा तिच्या मुठीवरच बांबू बसला, बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसऱ्यांदा तार उडून हरभऱ्यात पडली आणि तिथला पाला चरचरला. मी तिला लुगड्याच्या पदराला धरून मागे ओढलं. श्वास चालू होता. तळहात काळा होता, मधे पांढरं दिसत होतं. डाव्या पायाच्या टाचेला भोक पडलं होतं, तिथून करंट जमिनीत गेला होता.

दीर रस्त्याकडून पळत आला. अंगात बनियन, अर्धवट झोपेत.

"लाइन कशी आली? लाइन कशी आली?" एवढंच बोलत होता.

"बंद कर आधी!" मी ओरडले. तो विहिरीकडे धावला, हूक ओढला आणि परत आला. तो जवळ आल्यावर मी त्याच बांबूनं त्याला मारलं. खांद्यावर, पाठीवर, मग तो खाली बसला तेव्हा डोक्यावर धरलेल्या हातांवर. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे, या घरात मी आले तेव्हा चड्डीत हिंडत होता. त्यानं एकही रट्टा चुकवला नाही. पिकअपचा आवाज आला तेव्हा मी थांबले.

तिला पोत्यांवर निजवलं. मी आणि दीर मागे बसलो, हे गाडी चालवत होते. वाशिमचा रस्ता त्या दिवशी संपेना. तिचे डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. मी लेकीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, पण ती रातपाळीवर होती, तिनं लगेच उचलला. मी मोबाईल टोळीवालीच्या हातावर धरला.

"आई, ऐक," ती म्हणाली. "हे दिसतंय त्याच्यापेक्षा आत जास्त भाजलेलं असतं. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग, करंट लागला. किती वेळ चिकटली होती ते सांग. हृदयाचा आलेख काढतील, सारखा बघत राहतील. लघवी चहासारखी काळी आली तर त्याच मिनिटाला सांग, किडन्या जातात. हे कोणी दुसरं काही समजून नुसता हात शिवत बसलं तर बाई जाईल."

दिरानं हे सगळं ऐकलं. फोन बंद झाल्यावर म्हणाला, "वहिनी, मीच फोन केलता."

"कोनाले?"

"लाइनमनले. रात्री लाइन मध्येच गेली, विहिरीमागचा माहा गहू तहानला होता. मी म्हनलं साहेब, रातच्या बदल्यात सकाळी दोन तास त द्या. आन्‌ मंग झोपलो, हूक तसाच राह्यला." त्यानं नाक पुसलं. "वहिनी, डुक्कर धावलं म्हना."

"काय?"

"डुक्कर त मेलेलंच हाय तिथं. डुकरानं हात फाडला म्हना. वनखात्याकडून पैसे भेटतेत, तिलेच भेटतीन. माह्यावर केस झाली त तिले काय भेटन? तार मी काढून टाकतो. कोनाचंच नुकसान नाई."

"आन्‌ डॉक्टर हात शिवत बसन तवा?"

पुढे यांनी गाडीचा वेग वाढवला. त्यांनी सगळं ऐकलं होतं, काच उघडी होती.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं तेव्हा समोर तरुण डॉक्टर होता. दीर माझ्या दंडाला धरून उभा होता, चांगला घट्ट. मी म्हटलं, "करंट लागला. शेतातल्या तारेचा. मी बघितलं तेव्हा चिकटलेली होती, आधी किती वेळ ते माहीत नाही. हृदय बघा, लघवी बघा." दिरानं हात सोडला. डॉक्टरनं आणखी काही विचारलं नाही, ती आत गेली.

लघवी काळी आली. सलाइन भराभर लावलं आणि दुपारी तिला अकोल्याला हलवलं. मी सोबत गेले. हे परत फिरले, दीरही त्यांच्याबरोबर.

अकोल्याला तिला आत घेतल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसले आणि तोवर गावातून फोन सुरू झाले होते. पहिल्या फोनमध्ये डुकरानं तिला धडक मारली होती. दुसऱ्यात तिनं डुकराच्या तोंडात हात घालून त्याची जीभ उपटली होती, म्हणून तर डुक्कर मेलं. तिसरा फोन माझ्या नणंदेचा. ती म्हणाली की फाटकावरचं ते परदेशी डुक्कर सगळ्याला कारण आहे, त्यानंच बोलावून आणलं, आणि ते आता काढून नदीत टाक. तारेचं नाव कोणाच्याच तोंडी नव्हतं. सकाळी घडलेली गोष्ट, संध्याकाळ व्हायच्या आत तिला तीन तोंडं फुटली आणि तिन्हींत डुक्करच.

तेव्हा मला लेकीच्या त्या गावाची नीट समज आली. हाड पुसून ओंबी काढणारा रंगारी काही वाईट माणूस नसणार. त्याला पोराबाळांसमोर हाड नको वाटलं असेल. आणि घरमालकिणीची गोष्ट तरी सगळी खरी कशावरून? लोकांना खाल्लं डुकरांनी हे सगळ्यांनी लक्षात ठेवलं. कापलं कोणाच्या सैन्यानं, ते मात्र कोणालाच सांगता येत नाही. डुकराचं नाव घ्यायला सोपं असतं. ते कोणाचा दीर नसतं.

तिच्या नवऱ्याचा फोन आला, उसाच्या फडातून. मागे ट्रॅक्टर चालू होता. दिरानं त्याला आधीच गाठलं होतं. "काकू, डुक्करच म्हना," तो म्हणाला. "आमाले कोर्टकचेरी झेपत नाई." मी म्हटलं, तिला विचारते.

संध्याकाळी मला आत सोडलं. हात कोपरापर्यंत बांधलेला. डॉक्टर म्हणाले होते की जीव वाचला असं आता म्हणता येईल, पण तीन बोटं तरी जातील, कदाचित जास्त. ती जागी होती. ओठ फुटले होते.

"काकू, अंगठा राहीन का?"

"राहीन म्हनतेत."

"मंग इळा धरता येईन." तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "डुक्कर मेलं काय?"

"मेलं."

"मी त्याले मेलेलंच पाह्यलं, वाटलं रातीच मेलं असन. म्हनलं काकूले बोलावून दाखवतो, तुमच्या ढालीवरचं खाली उतरलं. आन्‌ तार उचलली."

मी तिला सगळं सांगितलं. दीर काय म्हणाला, नवरा काय म्हणाला, वनखात्याचं, गावातल्या फोनांचं. आपण डुकराची जीभ उपटल्याचं ऐकून ती हसली आणि हसण्यानं तिला दुखलं.

"तुले काय म्हनाचं हाय?" मी विचारलं. "तू म्हनशीन तसं."

तिनं डाव्या हातानं बांधलेला हात छातीशी घेतला.

"मले डुकरानं मारलं नाई," ती म्हणाली. "पन मी नाव घेतलं त उद्या माह्या टोळीले कोन वावरात घेईन? सगळ्याईच्याच धुऱ्यावर तार हाय काकू. तुमच्या दिराचीच काय एकट्याची नाई. माह्या बाया उद्या दुसऱ्याच्या वावरात जातीन." मग माझ्याकडे मान वळवली. "तुमी सांगा. तुमी घरच्या आहात. तुमाले कोनी कामावरून काढत नाई."

तिची बहीण रात्रीसाठी आली तेव्हा मी शेवटच्या बसनं निघाले. घरी हे जेवायचे थांबले होते. मी पिठलं टाकलं, आम्ही जेवलो.

"सकाळी ठाण्यात जातो," मी म्हटलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. "भाऊ हाय तो माहा."

"माहीत हाय. कुत्र्यावर कुऱ्हाड घालताना रडत होता, ते बी पाह्यलं मी."

"आत टाकतीन त्याले."

"टाकतीन."

"तू जाते त जाय," ते शेवटी म्हणाले. "मी येत नाई. अडवत बी नाई."

दहा तारखेला सकाळी मी पहिली ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं नाव-गाव विचारलं आणि लिहिता लिहिता थांबला.

"तुमचा सख्खा दीर न बाई?"

"हो."

"घरी विचारलं का?"

"विचारायचं ते काल विचारून झालं. तुम्ही लिहा."

तार कुठून कुठे ओढली होती, हूक कुठे, लाइन कोणी मागितली, ती कशी पडली होती, हे सगळं सांगितलं. डुक्कर आधीच मेलेलं होतं, त्यानं तिला शिवलंही नाही, हे वेगळं लिहून घ्यायला लावलं. वाचून दाखवलं, सही केली आणि रिक्षानं मळ्यात आले.

टोळीतल्या बायका रस्त्यावरच उभ्या होत्या. धुऱ्यावर पाय ठेवायला कोणी तयार नव्हती. दीर तिथेच बसला होता, पाठ वाकवून, कालच्या बनियनवर. डुक्कर होतं तिथेच होतं आणि त्याच्यावर माश्या बसायला लागल्या होत्या.

"दिलं काय बयान?" त्यानं विचारलं.

"दिलं."

"कधी येऊन राह्यले ते?"

"दुपारून. तोवर डुकराले हात लावू नका, तारेले बी नाई. न्याहारी केली का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी त्याला माझ्या डब्यातली भाकर दिली. मग बायकांना घेऊन नाल्याच्या बाजूनं वळसा घालून मळ्यात गेले, मागचं कुंपण विळ्यानं कापून वाट केली, चूल पेटवून चहा टाकला आणि पहिल्या सरीचे वेल कापायला बसले.